जंतू आला कुठून? वाल्डेमार हाफकिन यांची गोष्ट

हाफकिन हे नाव मुंबईत कोणाला नवं नाही. परळला त्या नावाची संस्था आहे, पोलिओच्या डोसाची बातमी आली की ते नाव कानावर पडतं, सर्पदंशावरच्या औषधाच्या संदर्भातही पडतं. पण हा माणूस कोण होता असं आपल्या वर्गात विचारलं, तर बहुतेकजण कोणीतरी इंग्रज साहेब असं सांगून मोकळे होतील. मीही परवापर्यंत तसंच समजत होते. हाफकिन इंग्रज नव्हते. खरं तर ते वैद्यकीय पदवी घेतलेले डॉक्टरही नव्हते. ते रशियन साम्राज्यात जन्मलेले ज्यू होते, शिक्षणाने प्राणिशास्त्रज्ञ होते, आणि मुंबईच्या प्लेगवर जगातली पहिली उपयोगी पडलेली लस त्यांनी भायखळ्याच्या एका खोलीत तयार केली.

त्यांचं चरित्र सांगायचं एक कारण मुंबई आहे, तर दुसरं सुरत. १८९६ मध्ये मुंबईत आलेला प्लेग १९९४ मध्ये सुरतेत पुन्हा दिसला, आणि दोन्ही वेळा एकच प्रश्न लोकांच्या जिवावर आला. जंतू नेमका कोणता, आणि तो आला कुठून? हाफकिन यांच्या आयुष्याची पाच वर्षं या प्रश्नाचं चुकीचं उत्तर दिलं गेल्यामुळे वाया गेली. सुरतेच्या वेळी उत्तर शोधायला एक नवं साधन हाताशी होतं. त्या साधनाकडे मी शेवटी येते. आधी माणूस.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठावरच्या ओडेसा शहरात झाला. शिक्षण ओडेसाच्या विद्यापीठात. तिथे त्यांना गुरू मिळाले ते इल्या मेचनिकोव्ह, ज्यांना पुढे नोबेल पारितोषिक मिळालं. त्या काळात रशियात ज्यूंवर हल्ले होत होते. १८८१ च्या दंगलीत तरुण हाफकिन आपल्या लोकांच्या बचावासाठी उभे राहिले, जखमी झाले आणि वर अटकही त्यांनाच झाली. मेचनिकोव्ह यांनी शब्द टाकला म्हणून सुटका झाली.

पुढे विद्यापीठात शिकवायची वेळ आली तेव्हा अडचण धर्माची होती. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला असता तर दार उघडलं असतं. हाफकिन यांनी नकार दिला आणि ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात साध्या नोकरीवर राहिले. मी कॅथलिक घरात वाढले, त्यामुळे या प्रसंगापाशी मी जरा थांबले. बाप्तिस्मा ही आमच्यासाठी कृपा आहे. ती नोकरीच्या बदल्यात मागितली, तर मागणाऱ्याने त्या ज्यू तरुणाचा तर अपमान केलाच, पण बाप्तिस्म्याचाही केला. हाफकिन यांचा नकार मला म्हणूनच दोन्ही बाजूंनी बरोबर वाटतो.

१८८८ मध्ये ते देश सोडून जिनिव्हाला गेले आणि पुढच्या वर्षी पॅरिसला, लुई पाश्चर यांच्या नव्या संस्थेत. मेचनिकोव्ह तिथे आधीच पोचले होते. संशोधकाची जागा रिकामी नव्हती, म्हणून हाफकिन ग्रंथालयात मदतनीस म्हणून लागले. दिवसा पुस्तकं लावायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत काम करायचं.

इथे थोडं थांबून पाश्चर यांच्या एका जुन्या प्रयोगाबद्दल सांगायला हवं, कारण हाफकिन यांचं सगळं काम त्यावर उभं आहे. हाफकिन येण्याच्या सुमारे दहा वर्षं आधी पाश्चर कोंबड्यांच्या एका जीवघेण्या रोगावर काम करत होते. त्या रोगाचे जंतू बराच काळ तसेच ठेवले की ते दुबळे होतात, आणि असे दुबळे जंतू टोचलेल्या कोंबड्या नंतर ताज्या जंतूंनाही दाद देत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं. प्रयोगशाळेत दुबळा केलेला जंतू लस म्हणून वापरायची सुरुवात इथून झाली. त्या जंतूला पुढे पाश्चर यांचंच नाव मिळालं : पाश्चरेला. कोंबड्या मारणारा हाच जंतू आपल्याकडे गाई-म्हशींना घटसर्प करतो. पावसाळ्याच्या तोंडाला जनावराला अचानक ताप भरतो, गळा सुजतो, श्वास घरघरायला लागतो आणि एक-दोन दिवसांत जनावर दगावतं. गावाकडे ज्यांच्या घरी गोठा आहे त्यांना हे वर्णन करून सांगायची गरज नाही. म्हणून तर पावसाआधी घटसर्पाची लस टोचून घेतात.

हाफकिन यांनी हीच विद्या पटकीवर, म्हणजे कॉलऱ्यावर, लावली. गिनीपिगच्या शरीरातून जंतू पुन्हा पुन्हा नेऊन त्यांनी त्याची एक ठरावीक ताकदीची जात तयार केली आणि तिच्यापासून लस बनवली. १८ जुलै १८९२ रोजी ती त्यांनी स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला आणि गेला. पण कॉलरा जिथे दरवर्षी माणसं नेत होता तिथे प्रयोग केल्याशिवाय लशीला अर्थ नव्हता. पॅरिसमधले इंग्लंडचे राजदूत लॉर्ड डफरिन पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. त्यांनी हिंदुस्थानची वाट सुचवली. मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्यात उतरले. पुढची दोन-अडीच वर्षं ते उत्तर हिंदुस्थानच्या छावण्यांत, कलकत्त्याच्या वस्त्यांत आणि आसामच्या चहामळ्यांत सुई घेऊन फिरले. शेवटी मलेरियाने अंथरुणाला खिळले आणि १८९५ मध्ये विश्रांतीसाठी इंग्लंडला गेले. दुसऱ्या वर्षी परत आले, आणि त्याच वर्षी मुंबईत उंदीर मरायला लागले.

मुंबईच्या प्लेगची गोष्ट सांगताना आपल्या एका माणसाचं नाव घेतलंच पाहिजे. डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस. गोव्याच्या हडफडे गावचे कॅथलिक, मुंबईत मांडवी भागात रुग्ण तपासायचे. सप्टेंबर १८९६ मध्ये हा साधा ताप नसून गाठीचा प्लेग आहे हे त्यांनी ओळखलं आणि न घाबरता जाहीर केलं. व्यापाराचं शहर, बंदर बंद पडायची भीती, त्यामुळे हे निदान कोणालाच नको होतं. मेट्रो सिनेमासमोर धोबीतलावला त्यांचा पुतळा आहे. आपण त्याच्यासमोरून शंभर वेळा जातो.

सरकारने हाफकिन यांना कलकत्त्याहून बोलावलं. ऑक्टोबर १८९६ मध्ये ते मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक खोली आणि बाहेरचा पॅसेज मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्यावर त्यांनी तीन महिन्यांत लस काढली. मांसाच्या रश्शात जंतू वाढवायचे, वर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे म्हणजे जंतूंच्या जाळ्या तुपापासून खाली लोंबत वाढतात, आणि मग तो रस्सा तापवून जंतू मारायचे. पुढे गोमांसाऐवजी बकऱ्याचं मांस घेतलं, कारण ज्यांना टोचायचं त्यांच्या धर्मभावना त्यांना समजत होत्या. बाप्तिस्म्याची अट नाकारलेल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागलं नसेल.

१० जानेवारी १८९७. हाफकिन यांनी १० मिलिलिटर लस स्वतःला टोचून घेतली. ताप चढला, टोचलेली जागा ठणकली, दोन-तीन दिवसांनी सगळं शांत झालं. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा कैद्यांपैकी जे स्वतःहून तयार झाले त्यांना लस दिली. टोचून घेतलेल्यांत आजार खूपच कमी दिसला.

स्वतःहून हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. १८९७ म्हणजे पुण्यात रँडच्या सोजिरांनी घरात घुसून लोकांना बाहेर काढल्याचं वर्ष. प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्चला गेल्या, आणि २२ जूनला चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, तेही याच वर्षी. सरकारची प्लेगची सक्ती आणि प्लेग यांत जास्त वाईट काय, हे लोकांना कळेनासं झालं होतं. त्या वातावरणात एक गोरा माणूस सुई घेऊन दारात येतो आणि सक्ती नाही म्हणतो, यावर विश्वास कोण ठेवणार? विश्वास बसला तो उदाहरणांनी. खोजा समाजाचे तरुण आगाखान यांनी सगळ्यांदेखत लस घेतली, आणि माझगावचा आपला बंगला हाफकिन यांच्या प्रयोगशाळेसाठी दिला.

आता मुंबईहून सुरतेच्या वाटेवर येऊ. गाडी वापीला थांबते. तिथून जवळच दमण, तेव्हाचं पोर्तुगीज ठाणं. १८९७ च्या वसंतात तिथे प्लेगने थैमान घातलं. लोकसंख्या आठ हजारांच्या घरात. २,१९७ लोकांनी लस घेतली, त्यांपैकी ३६ दगावले. लस न घेतलेले ६,०३३, त्यांपैकी १,४८२ दगावले. म्हणजे लस घेतलेल्यांत शंभरात दोनही नाहीत, आणि न घेतलेल्यांत शंभरात जवळजवळ पंचवीस.

टीकाकार म्हणाले, लस घेणारे लोक सुशिक्षित, स्वच्छ राहणारे असतील, म्हणून ते वाचले. याचं उत्तर पुढच्या वर्षी बडोद्याजवळच्या उंढेरा गावाने दिलं. तिथे प्रत्येक घरातल्या काही माणसांना लस टोचली आणि काहींना नाही. छप्पर, चूल आणि हवा सगळ्यांची एकच. लस घेतलेले ७१, त्यांतले ३ मेले. न घेतलेले ६४, त्यांतले २६ मेले. आज हे आकडे वाचताना अंगावर काटा येतो, कारण त्या ६४ जणांनाही लस मिळाली असती तर काय, हा प्रश्न मनातून जात नाही. पण या हिशेबामुळेच पुढच्या लाखो लोकांपर्यंत लस पोचली.

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नर हाऊसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली आणि हाफकिन तिचे प्रमुख झाले. ही वास्तू एकेकाळी जेझुइट फादरांची होती, अठराव्या शतकात इंग्रजांनी ती ताब्यात घेतली होती. तिथून बाटल्या भरून देशभर जायला लागल्या.

आणि मग ३० ऑक्टोबर १९०२ आला. पंजाबातलं मुलकोवाल गाव. त्या दिवशी १०७ लोकांनी लस घेतली. आठवडाभराने त्यांपैकी १९ जणांचे जबडे आवळायला लागले. धनुर्वात. एकोणीसच्या एकोणीस मेले. या सगळ्यांना एकाच बाटलीतून लस दिली होती. बाटलीवर नंबर होता ५३-एन. बाकीच्या बाटल्यांतून घेतलेल्या ८८ जणांना काहीही झालं नाही.

म्हणजे धनुर्वाताचा जंतू त्या एका बाटलीत होता, हे उघड होतं. प्रश्न इतकाच होता की तो कधी शिरला. ४१ दिवस आधी परळला बाटली भरली तेव्हा, की मुलकोवालला उघडली तेव्हा? पहिलं खरं असेल तर दोष हाफकिन यांचा, आणि दुसरं खरं असेल तर नाही.

मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी बसली. पंजाबची मागणी भागवायला हाफकिन यांनी लस बनवायची पद्धत बदलली होती. जंतू उष्णतेने मारायचे, पण त्यात कार्बोलिक ॲसिड घालायचं त्यांनी सोडलं होतं. पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत हीच पद्धत दोन वर्षं सुखरूप चालू होती. पण इंग्रज अधिकाऱ्यांना ती नवी होती, आणि नवी म्हणजे संशयास्पद. चौकशीने जंतू परळलाच शिरल्याचं मानलं. हाफकिन यांना कामावरून दूर केलं आणि १९०४ मध्ये ते लंडनला गेले.

पुढे कागदपत्रं पाहिल्यावर दुसऱ्याच गोष्टी समोर आल्या. मुलकोवालला बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो त्याने उचलला, औषधी पाण्यात बुडवल्यासारखा केला आणि त्यानेच बूच काढलं. धनुर्वाताचा जंतू राहतो कुठे? मातीत, गुराढोरांच्या आणि घोड्यांच्या शेणाने भरलेल्या मातीत. शिवाय जंतू जर ४१ दिवस त्या बाटलीत वाढत असता, तर बाटली उघडताच घाण वास यायला हवा होता. तसा वास आला नव्हता. आणि इतकं विष साठलेलं असतं तर माणसं आठवडाभर थांबून आजारी पडली नसती, लगेच पडली असती. हे सगळे पुरावे चौकशीच्या वेळीही हाताशी होते, पण त्यांचा अर्थ लावणारं कोणी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतं.

मलेरिया आणि डास यांचं नातं शोधणारे रोनाल्ड रॉस हे नोबेल विजेते शास्त्रज्ञ. त्यांनी हा विषय सोडला नाही. जुलै १९०७ मध्ये त्यांच्यासह दहा नामवंत शास्त्रज्ञांचं पत्र लंडनच्या टाइम्समध्ये छापून आलं. त्याच वर्षाअखेरीस हाफकिन यांच्यावरचा ठपका निघाला. फ्रान्समध्ये ड्रायफस नावाच्या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला खोट्या आरोपातून १९०६ मध्ये मुक्ती मिळाली होती, त्यामुळे अनेकांनी हाफकिन यांच्या प्रकरणाला छोटा ड्रायफस खटला म्हटलं. वैद्यकीय पदवी नसलेला, इंग्रज नसलेला, ज्यू माणूस दोषी मानायला सोपा होता, हे त्यामागचं कटू सत्य.

निर्दोष ठरले, पण परळ त्यांना परत मिळालं नाही. तिथली जागा दुसऱ्याला दिलेली होती. त्यांना कलकत्त्याला पाठवलं. लोकांवर लशीचे नवे प्रयोग करायला तिथे त्यांना वाव नव्हता. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या काळात ते निवृत्त होऊन युरोपात गेले. ज्या माणसाने दोन खंडांना पुरेल असं काम केलं होतं, त्याच्या शेवटच्या नोकरीत सांगण्यासारखं फारसं घडलं नाही. चूक कबूल करायला सरकारला पाच वर्षं लागली, आणि ती पाच वर्षं त्यांना कोणी परत देऊ शकलं नाही.

आता सुरत. ऑगस्ट १९९४ मध्ये आपल्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण दिसले. सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाचा प्लेग आला. गाठीचा प्लेग पिसवांमुळे होतो, फुप्फुसाचा खोकल्यातून एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो, म्हणून तो जास्त भयंकर. तापीचा पूर नुकताच ओसरला होता, गल्ल्यांत चिखल आणि मेलेली जनावरं होती. काही दिवसांत लाखो लोकांनी शहर सोडलं.

माझी मावशी लग्न होऊन सुरतेला उधन्याला गेली होती. तिथे यंत्रमागांवर काम करणारी खानदेशातली माणसं इतकी की बाजारात मराठीच ऐकू येते. मावशी सांगते, टेट्रासायक्लिनच्या गोळ्या एका संध्याकाळी दुकानांतून संपल्या, आणि गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. पण ती सगळ्यात जास्त वेळा सांगते ती गोष्ट वेगळी आहे. माहेरी पोचल्यावर शेजारच्या बाईने पाण्याचा पेला उंबऱ्याबाहेर ठेवला आणि ती आत निघून गेली. आजारी ती नव्हतीच. ती फक्त सुरतेहून आली होती.

देशभरात मृत्यू पन्नासच्या थोडे वर झाले. पण देशाची विमानं अडवली गेली, माल बंदरांवर अडकला, आणि सुरत हे नावच रोगाचं नाव बनलं. त्यात आणखी एक गोंधळ. हा खरंच प्लेग होता का, याबद्दल डॉक्टरांतच वाद सुरू झाला. लक्षणं दुसऱ्या रोगांशीही जुळत होती. मग उत्तर द्यायचं कोणी?

उत्तर जंतूनेच दिलं. रुग्णांकडून आणि उंदरांकडून मिळालेले जंतू ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेत वाढवून ओळखले गेले. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी पुढे त्यांची जनुकीय अक्षरं वाचली, आणि २००० मध्ये तो प्लेगचाच जंतू असल्याचं प्रसिद्ध केलं.

अक्षरं वाचली म्हणजे काय, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला खरं तर चटकन समजावं. प्रत्येक जिवाच्या पेशीत एक पोथी असते, चारच अक्षरांत लिहिलेली. एका जिवापासून दुसरा होताना ती नकलून घेतली जाते आणि नक्कल करताना क्वचित एखादं अक्षर चुकतं. ती चूक पुढच्या सगळ्या नकलांत उतरते. एकनाथ महाराजांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती पाहून शुद्ध पाठ सिद्ध केला, हे आपण शिकलोय. दोन पोथ्यांत तीच चूक असेल तर त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या, हे संपादकाला कळतं. जंतूंचंही तसंच. हैदराबादला पोथीचं एक निवडक पान वाचलं, जंतूचं आडनाव कळायला ते पुरेसं असतं. २००१ मध्ये प्लेगच्या जंतूची संपूर्ण पोथी वाचून झाली, सुमारे ४६ लाख अक्षरांची. त्याच वर्षी पाश्चरेलाची, सुमारे साडेबावीस लाख अक्षरांची.

या दोन जंतूंचं एक जुनं नातं आहे. १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेगचा जंतू शोधणारे येरसँ हेही पाश्चर यांच्याच संस्थेतले. त्यामुळे विसाव्या शतकात कित्येक दशकं प्लेगच्या जंतूचं नावही पाश्चरेलाच होतं. नंतर अभ्यासातून कळलं की ही दोन घराणी वेगळी आहेत, आणि प्लेगचा जंतू येरसिनिया झाला. घटसर्पाच्या घराण्याचं वाचन मात्र सुरतेच्या उत्तरेला, आणंदच्या कृषी विद्यापीठात चालू राहिलं. म्हैस, गाय, शेळी, कोंबडी, प्रत्येकाकडून मिळालेल्या पाश्चरेलाच्या पोथ्या तिथल्या शास्त्रज्ञांनी वाचल्या. सुरती म्हैस ज्या मुलखाची शान आहे, तिथे हे काम म्हणजे नुसती विद्वत्ता नाही. एकाच नावाचा जंतू कोंबडीत वेगळा आणि म्हशीत वेगळा वागतो, तेव्हा कोणत्या जातीविरुद्ध लस बनवायची हे ठरवायला हा फरक अक्षराअक्षरात कळावा लागतो.

मुलकोवालच्या वेळी हे साधन असतं तर? बाटलीतला धनुर्वाताचा जंतू, मुलकोवालच्या मातीतला जंतू आणि परळच्या खोल्यांतला जंतू, तिन्हींच्या पोथ्या शेजारी ठेवून पाहता आल्या असत्या. हाफकिन यांची पाच वर्षं काही आठवड्यांवर आली असती, असं मला वाटतं. पण एक गोष्ट साधनाने होत नाही. चिमट्याची गोष्ट १९०२ मध्येच माहीत होती. वास न आल्याचीही माहीत होती. सुरतेतही उंबऱ्याबाहेर पेला ठेवणाऱ्या बाईला प्रयोगशाळेच्या उत्तराची गरज नव्हती, समोर उभ्या असलेल्या बाईला ताप आहे का एवढं बघणं पुरेसं होतं. कोविडच्या काळात जीनोम सिक्वेन्सिंग हा शब्द आपल्या घराघरांत आला. त्याच काळात आपल्याच इमारतींत नर्सना जिना चढू न देणारे लोकही होते. शोध पुढे गेला, पण आधी माणूस दोषी ठरवायचा आणि मग पुरावा शोधायचा ही सवय तशीच राहिली.

सुरतेने मात्र स्वतःपुरतं उत्तर दिलं. १९९५ मध्ये आलेले महापालिका आयुक्त एस. आर. राव यांनी शहर झाडून काढलं, आणि दोन वर्षांच्या आत तेच सुरत देशातल्या सर्वांत स्वच्छ शहरांत गणलं जाऊ लागलं.

हाफकिन यांनी लग्न केलं नाही. शेवटची वर्षं त्यांनी आपल्या धर्माच्या अभ्यासात आणि आचरणात घालवली, आणि आपली मिळकत ज्यू धर्मशिक्षणाच्या शाळांसाठी ठेवली. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव देण्यात आलं, तेव्हा ते हयात होते. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझानला त्यांचं निधन झालं. १९६४ मध्ये भारत सरकारने त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं. त्यांना दूर केलं गेलं त्या इमारतीच्या दारावर आज त्यांचंच नाव आहे. आपल्या मंडळाची पुढची सहल कुठे काढायची यावर चर्चा चालू आहे, तर मी परळ सुचवते. जाताना धोबीतलावला डॉ. व्हिएगस यांच्या पुतळ्यापाशीही दोन मिनिटं थांबूया.